क्रेटचं दार आणि हार्बर लाइनचं वेळापत्रक

कामोठ्यातल्या पाळीव कुत्र्याचा दिवस किती लांब असेल, हे हार्बर लाइन ठरवते. मानसरोवर किंवा खांदेश्वरहून सीएसएमटी गाठायला लोकलने सव्वा तासाच्या आसपास लागतो. घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा, उतरल्यावरची चाल आणि नऊ तासांची ड्यूटी त्यात मिळवली, की घराला कुलूप लागतं ते सरळ बारा तासांसाठी. नवरा-बायको दोघंही नोकरीला, गावाहून आई-बाबा येणार ते गणपतीत. अशा वन बीएचकेमध्ये लॅबचं पिल्लू येतं आणि पहिल्याच आठवड्यात सोफ्याचा कोपरा, चार्जरची वायर आणि चपलांचा एक जोड संपवतं. फरशीवर जागोजागी शू. खालच्या मजल्यावरून तक्रार, की दिवसभर रडतं. मग कोणीतरी सुचवतं, क्रेट घ्या.

दोन दिवसांत पार्सल येतं. घडी होणारा लोखंडी जाळीचा पिंजरा, खाली प्लास्टिकचा ट्रे, पुढे कडीचं दार. व्हिडिओ कॉलवर तो बघून आजी म्हणते, ‘‘मुक्या जनावराला कोंडून कसलं गं पाळणं?’’ ट्रेनर म्हणतो, कुत्र्यांना गुहेत राहायला आवडतंच, तीन रात्री रडेल आणि मग सवय होईल. आजीचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. ट्रेनरचं त्याहून थोडं कमी. माझं मत आधीच सांगून टाकतो: क्रेट हे शिकवण्याचं आणि विसाव्याचं चांगलं साधन आहे, पण बारा तासांच्या रिकाम्या घरावरचं उत्तर म्हणून तो आणला असेल तर आल्या पावली परत पाठवावा.

आधी गुहेचं बघू, कारण क्रेटच्या बाजूने दिला जाणारा सगळ्यात लाडका पुरावा तोच आहे. कुत्रा लांडग्याचा वंशज, लांडगा बिळात राहतो, म्हणून कुत्र्याला पिंजरा म्हणजे बीळ. यातली मधली पायरीच ढासळलेली आहे. लांडगी बीळ वापरते ती पिल्लं घालायला. पिल्लं आठ-दहा आठवड्यांची झाली की बीळ सुटतं, आणि मोठे लांडगे एरवी उघड्यावरच झोपतात. आपल्या गल्लीतली कुत्री तर याहून जवळचा दाखला. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं भटक्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. माद्या पिल्लं घालायला कुठली जागा निवडतात, यावरचं त्यांचं काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. माद्यांचा कल माणसांच्या वस्तीला लागून असलेल्या जागांकडे होता. कामोठ्याच्या कुठल्याही सेक्टरमध्ये हे डोळ्यांनी दिसतं: जिन्याखाली, बंद गाळ्याच्या शटरपाशी, बांधकामाच्या वाळूच्या ढिगात, महिनोन्‌महिने न हललेल्या टेम्पोखाली. त्या जागेला दार नसतं. आई हवी तेव्हा बाहेर जाते, पिल्लं पाय फुटले की धडपडत बाहेर येतात आणि काही आठवड्यांत ती जागा ओस पडते. कडी लावलेल्या पिंजऱ्याशी या बिळाचं साम्य छप्पर आणि अंधार, इतकंच.

पण छप्पर आणि अंधार यांना किंमत नाही असं नाही. दिवाळीच्या रात्री कुत्रा कुठे जातो ते आठवा. दिवाणाखाली, बाथरूममध्ये बादलीच्या मागे, कपाट आणि भिंत यांच्या फटीत. माणसाचा कान २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा ४५ हजारांच्या आसपास; आपल्याला नुसता धडाका ऐकू येतो त्या सुतळी बॉम्बमध्ये त्याला आणखी काय काय ऐकू येत असेल कोण जाणे. अशा वेळी घराच्या आतल्या कोपऱ्यातला, वरून जाडी चादर टाकलेला, आत जुनी गोधडी असलेला क्रेट अनेक कुत्री आपण होऊन निवडतात. अट एकच, दार उघडं हवं. घाबरलेल्या कुत्र्याला आत घालून कडी लावली तर जाळी चावून दात तुटणं, नखं उखडून रक्त येणं, नाक सोलवटणं हे सगळं होऊ शकतं. जागा तीच आणि गोधडीही तीच, कडी तेवढी बदलली.

ही कडी इतकी महत्त्वाची का, हे समजून घ्यायला मानसशास्त्रातल्या एका गाजलेल्या आणि क्रूर प्रयोगाकडे जावं लागतं. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांच्या तीन गटांवर काम केलं. पहिल्या गटाला विजेचे झटके बसत, पण शेजारची फळी डोक्याने दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला तेवढेच, तितकाच वेळ झटके बसत, मात्र त्यांच्या फळीने काहीच होत नसे. तिसऱ्याला झटके नव्हतेच. नंतर सगळ्यांना एका पेटीत ठेवलं. मधला बुटका अडथळा ओलांडला की झटक्यातून सुटका. पहिल्या आणि तिसऱ्या गटातली कुत्री उडी मारून पलीकडे गेली. दुसऱ्या गटातली बरीचशी कुत्री उडी मारायचं सोडून खाली बसली आणि कण्हत झटके सोसत राहिली. दुःख पहिल्या दोन्ही गटांच्या वाट्याला सारखंच आलं होतं. ते थांबवणं आपल्या हातात आहे, हा अनुभव एकाला मिळाला होता आणि दुसऱ्याला नव्हता.

गोष्ट इथे संपत नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी हतबलता शिकली जाते हा आपला निष्कर्ष फिरवला. दरम्यान मायर यांनी उंदरांच्या मेंदूवर बरंच काम केलं होतं. त्यावरून त्यांचं म्हणणं असं झालं, की हतबलता शिकावी लागतच नाही. लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडणं ही प्राण्याची मूळची प्रतिक्रिया आहे. शिकावी लागते ती उलट गोष्ट: माझ्या करण्याने काहीतरी बदलतं, ही जाणीव. हे वाचताना क्रेटमध्ये तीन रात्री रडून चौथ्या रात्री गप्प झालेलं पिल्लू डोळ्यांपुढे येतं. ट्रेनर म्हणतो शिकलं. खरंच शिकलं असेल, किंवा काहीच उपयोग नाही म्हणून पडून राहिलं असेल. बाहेरून दोन्ही शांतता सारख्या दिसतात. विजेचा झटका आणि रिकामा क्रेट यांना एका तागडीत तोलता येणार नाही, हे उघड आहे. पण ‘गप्प आहे म्हणजे मजेत आहे’ हा पुरावा मात्र १९६७ पासूनच बाद झालेला आहे.

नुसत्या कोंडण्याचा परिणामही मोजलेला आहे. नेदरलँड्समध्ये बॉन बेर्डा आणि सहकाऱ्यांनी बीगल जातीची कुत्री आधी बाहेरच्या ऐसपैस जागेत कळपाने ठेवली आणि मग काही आठवडे एकेकटी लहान खोल्यांत. १९९९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात कुत्र्यांची अंग चोरून उभं राहण्याची ढब, पंजा उचलणं, स्वतःला चाटत बसणं वाढलेलं दिसलं, आणि तणावाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरकही. त्यात जागा आकसली होती आणि सोबतही गेली होती, हे विसरायला नको. रिकाम्या घरातल्या क्रेटमध्येही दोन्ही एकदमच होतं.

मग क्रेटची सवय लावायचीच नाही का? लावावी, आणि पिल्लू असताना लावली तर उत्तम. फक्त ती उलट्या दिशेने लावावी लागते. पहिले काही दिवस दाराला हातच लावायचा नाही. वाटलं तर ते काढूनच ठेवावं. क्रेट हॉलमध्ये, माणसांच्या वावरात. जेवणाची वाटी आत. खेळता खेळता उकडलेल्या चिकनचा तुकडा आत टाकायचा. पिल्लू आत गेलं, खाल्लं, बाहेर आलं, कोणी काही म्हटलं नाही. ‘जागेवर’ हा शब्द त्याच वेळी जोडायचा. पुढे ते आपण होऊन आत जाऊन झोपू लागलं की दार लोटायचं, काही सेकंद, आणि ते रडायच्या आत उघडायचं. सेकंदांची मिनिटं होतात. मग आपण स्वयंपाकघरात जाऊन येतो, मग खाली दूध आणायला. काही पिल्लांचं हे आठवड्यात जमतं, काहींचं महिन्यात. मे महिन्याची सुट्टी टाकून पिल्लू आणणारी माणसं मला म्हणूनच शहाणी वाटतात. रात्री क्रेट आपल्या अंथरुणाशेजारी ठेवावा, हात लावता येईल इतका जवळ. आईच्या आणि भावंडांच्या उबेतून नुकत्याच आलेल्या जिवाला पहिल्याच रात्री हॉलमध्ये एकटं ठेवणं याला शिस्त म्हणत नाहीत.

शू-शी शिकवायला क्रेट खरंच उपयोगी पडतो, कारण निरोगी पिल्लू झोपायची जागा शक्यतो घाण करत नाही. पण त्याच्या मूत्राशयाला मर्यादा आहे. प्रशिक्षकांचा ढोबळ हिशेब असा, की पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवून येतील तितके तास, तेही फार तर. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीन तास. अमेरिकेतल्या प्राणी कल्याण संस्था क्रेटला एरवी मान्यता देतात, पण सहा महिन्यांखालच्या पिल्लाला एका वेळी तीन-चार तासांपलीकडे ठेवू नका असं सांगतात. पेटासारख्या संस्थेचा तर क्रेटलाच विरोध आहे. चार तासांनंतरही कोंडलेलं पिल्लू शेवटी आतच शू करतं, त्यातच झोपतं, आणि ज्या सवयीसाठी क्रेट आणला तीच मोडते. आपल्याकडे यात आणखी एक भर: बाजारात सर्रास ‘पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू’ विकलं जातं. श्वानपैदाशीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. आईपासून दहा-बारा दिवस आधी तोडलेलं पिल्लू एकटेपणाला आणखीच कच्चं असतं.

आपण नसताना आत काय चालतं हे कळायला जुना मोबाइल समोर ठेवून रेकॉर्डिंग लावावं. चिकनचा तुकडा आत तसाच पडून असेल, गादी लाळेने ओली असेल, गार हवेतही धाप लागलेली असेल, ट्रेवर नखांचे ओरखडे असतील, तर क्रेट बंद. काही कुत्र्यांना एकटेपणाची भीती आजारासारखी असते. त्यांना कोंडणं म्हणजे भीतीत भर घालणं. तिथे जनावरांचा डॉक्टर लागतो, मजबूत कडी नव्हे.

आणि कामोठ्याची हवा. खाडीकाठचा दमटपणा, मे महिन्यातला ३५ अंशांचा पारा, पुन्हा ऑक्टोबर. कुत्र्याला पंजे सोडले तर घाम येत नाही; तो धापा टाकतो, जिभेवरून आणि श्वासमार्गातून पाणी उडतं आणि अंग थंड होतं. हवेतच पाणी भरलेलं असेल तर ते उडत नाही. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, ते १०५ च्या वर चढू लागलं की जिवावर बेततं. मोकळा कुत्रा मोरीतल्या ओल्या फरशीवर जाऊन पसरतो, खिडकीपाशी येतो, पाणी शोधतो. क्रेटमधला कुत्रा प्लास्टिकच्या ट्रेवर बसून राहतो. पग, शिट्झू, फ्रेंच बुलडॉग यांची नाकंच चेपलेली, त्यांचं धापा टाकण्याचं यंत्र मुळातच अधू. सकाळी क्रेटला कडी लावून, पंखा सुरू ठेवून घर बंद केलं आणि अकराला वीज गेली, तर ती गेल्याचं कामावर पोहोचलेल्या मालकाला कळतही नाही.

कायदा काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा या बाबतीत अनेकांना वाटतो त्याहून नेमका आहे. कलम ११ नुसार, हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा आहे. अवाजवी वेळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधणं हाही गुन्हा. आणि एक पोटकलम खास कुत्र्यासाठीच आहे: नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणारा मालक गुन्हेगार ठरतो. शिक्षा पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये दंड. दहा रुपयांत आज कामोठ्यात वडापावही येत नाही, त्यामुळे कायद्याचा धाक कोणाला वाटत असेल असं नाही. तरीही तो वाचण्यासारखा आहे, कारण त्याने पिंजऱ्याला सरसकट बंदी केलेली नाही. जागा, वेळ आणि व्यायाम या तीन गोष्टी विचारल्या आहेत. २०१४ मध्ये जल्लिकट्टू आणि आपल्या बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला होता. तहान-भुकेपासून, गैरसोयीपासून, वेदनेपासून, भीतीपासून मुक्ती, आणि स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. शर्यती २०२३ च्या निकालाने राज्यांच्या बदललेल्या कायद्यांखाली सुरू राहिल्या, तो विषय वेगळा. घरातल्या कुत्र्याचा मालक मात्र ही पाचांची यादी क्रेटसमोर उभं राहून वाचू शकतो.

साखळीचा उल्लेख आलाच आहे तर आजीच्या आक्षेपालाही उत्तर द्यायला हवं. आपल्याकडे कुत्रा कोंडत नसत, पण बांधत असत. कामोठे सिडकोचं नोड होण्याआधी आगरी गाव होतं आणि गावठाण आजही सेक्टरांच्या मधोमध आहे. गावातल्या कुत्र्याची रीत म्हणजे दिवसा दाराशी बांधलेला नाहीतर हुंदडत असलेला, रात्री मोकळा. साखळी गळ्याला काचायची, पण समोरून माणसं जायची, कोंबड्या फिरायच्या, कोणीतरी हाक मारून भाकरीचा तुकडा टाकायचं. इमारती उठल्या, अंगण गेलं आणि साखळी बाल्कनीच्या ग्रिलला आली. दुपारच्या उन्हात ग्रिलला बांधलेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकून घसा बसलेला कुत्रा क्रेटमधल्यापेक्षा सुखी आहे, हे मी मान्य करणार नाही.

जागेचा हिशेब बाहेरच्या देशांनी कसा केला आहे ते पाहिलं की आपला क्रेट केवढा आहे ते कळतं. मोठ्या लॅबसाठी विकला जाणारा ४२ इंची क्रेट साधारण २८ इंच रुंद असतो, म्हणजे जमीन जेमतेम ८ चौरस फूट. जर्मनीच्या श्वानविषयक नियमांत लॅबच्या उंचीच्या कुत्र्याला कायम ठेवायच्या कोठीसाठी किमान ८ चौरस मीटर लागतात, म्हणजे ८६ चौरस फूट. आकडा तोच, माप दहापट. कामोठ्यातल्या कित्येक वन बीएचकेंचं स्वयंपाकघर तेवढंच असतं. शिवाय तिथे कुत्र्याला रोज किमान दोनदा मिळून एक तास बाहेर मोकळं न्यावंच लागतं. स्वीडन आणि फिनलंड यांनी घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवण्यावरच कडक मर्यादा घातल्या आहेत. प्रवास, आजारपण अशी कारणं सोडली तर तो चालत नाही. दिवसा दर सहा तासांनी कुत्रा बाहेर नेला जावा, असं स्वीडनमधली सूचना सांगते. तिथे कुत्री घरं मोडून टाकत आहेत अशी बातमी काही आलेली नाही.

तेव्हा त्या बारा तासांचं काय करायचं? पिल्लाला स्वयंपाकघर द्यावं. दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं बुटकं फाटक, वायरी आणि फिनेलची बाटली वर, एका कोपऱ्यात वर्तमानपत्र, दुसऱ्यात पाण्याचं जड भांडं, तिसऱ्यात दार उघडा क्रेट. दुपारी कोणीतरी यायला हवं: शेजारच्या काकू, कॉलेजातून परतणारा मुलगा, पैसे घेऊन फिरवणारा डॉग वॉकर. दोघांपैकी एकाची पाळी बदलता आली तर सगळ्यात बरं. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. सकाळी दमवलेला, चार-पाच वर्षांचा दत्तक घेतलेला गावठी कुत्रा मोकळ्या घरात दुपार निवांत काढू शकतो, जे दोन महिन्यांच्या लॅबला जमणार नाही. आणि मध्ये कोणीच येणार नसेल, कुलूप खरंच सकाळी आठ ते रात्री आठ असेल, तर त्या घराने सध्या पिल्लू आणू नये. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, विशेषतः वाढदिवसाला पिल्लू कबूल केलेल्या बापाला.

बंद दाराची सवय हवीच असते असे प्रसंग थोडे, पण टाळता न येणारे. नसबंदीनंतर किंवा पाय मोडल्यावर डॉक्टर हालचाल बंद करायला सांगतात. दवाखान्यात सलाइन लागलं तर तिथेही पिंजराच असतो. परदेशी बदली झाली तर विमानाच्या पोटातून जाणाऱ्या कुत्र्याला उभं राहता, वळता आणि आडवं होता येईल एवढा क्रेट आंतरराष्ट्रीय नियमांनी सक्तीचा आहे, आणि आत काढायचे तास काही थोडे नसतात. कामोठेकरांना यापेक्षा जवळचा प्रसंग म्हणजे पनवेलहून कोकणात जाणं. रेल्वेत कुत्रा आपल्याबरोबर न्यायचा तर एसी फर्स्टचा अख्खा कूपे किंवा केबिन लागते; स्लीपर, थ्री टिअर, टू टिअरमध्ये परवानगी नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स: लोखंडी, अंधारा, शेजारी पार्सलं आणि रात्रभर चाकांचा खडखडाट. कधीच बंद जागेत न बसलेल्या कुत्र्याला त्यात ढकलणं मला कामोठ्यातल्या कुठल्याही क्रेटपेक्षा निर्दय वाटतं. मे महिन्यात सावंतवाडीला न्यायचं असेल तर क्रेटमधलं चिकन फेब्रुवारीतच सुरू करावं, मार्चमध्ये बंद दाराची पाच मिनिटं व्हावीत, एप्रिलमध्ये तोच क्रेट गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून पळस्प्यापर्यंत एक-दोन फेऱ्या. इतकं करूनही तो घाबरला, तर डॉग बॉक्सची पावती फाडू नये. रस्त्याने गाडी करावी किंवा त्याला ओळखीच्या घरी ठेवून जावं.